तुमची पत्रं : लेकीला सांगायच्या गोष्टी

मागच्या अंकात मी इसाबेल आयेंदेच्या ‘पाउला’ या पुस्तकावर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, तेही संपादकांनी जागा शिल्लक आहे म्हणून मागितलं म्हणून. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: आयेंदे ही चिलीची लेखिका. १९९१ च्या डिसेंबरात ती आपल्या नव्या कादंबरीच्या प्रकाशनासाठी स्पेनमध्ये होती, आणि माद्रिदला राहणारी तिची २८ वर्षांची लेक पाउला आजारी पडली. पोर्फिरिया नावाचा आनुवंशिक आजार. पोरगी कोमात गेली ती परत आलीच नाही, वर्षभराने ६ डिसेंबर १९९२ ला गेली. त्या वर्षभरात आई लिहीत राहिली, आणि १९९४ मध्ये त्याचं पुस्तक झालं. अर्धं लेकीचं आजारपण, अर्धं खानदानाची कहाणी.

यावेळी सगळं पान याच पत्रांना दिलंय. नावं मागितली नव्हती, छापतही नाही.

एक आई, सांगली जिल्हा

*ताई, तुमचं वाचून लिहायचं धाडस करते आहे. माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली. २४ वर्षांची होती, नुकती नोकरीला लागलेली, डेंग्यूचं निमित्त झालं, अकरा दिवस आयसीयूत होती. सगळे म्हणतात लिही, मन मोकळं होईल. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तिचं नाव आणि जन्मतारीख लिहिली आणि पुढे हातच चालेना, कारण पुढे लिहायचं म्हटलं की ते अकरा दिवसच येतात डोळ्यापुढे. गेल्या महिन्यात रेशनकार्डातून तिचं नाव कमी करायला गेले. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, लग्न झालं का मुलीचं? मी हो म्हणाले. मग म्हणाला, लग्नाचा दाखला आणा. आणते म्हणून घरी आले. नाव अजून तसंच आहे. तुम्ही लिहिलंय की त्या बाईंच्या पुस्तकात आजोबा-आजी, राजकारण, राष्ट्राध्यक्ष सगळं आहे. पोटची पोर मरणाच्या दारात असताना हिला आजोबांच्या गोष्टी कशा सुचल्या, हे मला समजत नाही. माझी भाची इंग्रजी वाचून मला मराठीत सांगायला तयार आहे. ऐकू का?*

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या खिडकीपाशी अडकले.

ऐका. पण आधी तुमच्या प्रश्नाचं सांगते, कारण पुस्तकाची किल्लीच तुम्ही विचारली आहे.

माद्रिदच्या हॉस्पिटलात पाउला आयसीयूत, आणि आई बाहेर. आत किती वेळ जायचं ते ठरलेलं, बाकी दिवसभर कॉरिडॉरमध्ये बसून राहायचं. तुम्ही अकरा दिवस काढलेत, तुम्हाला त्या बाकड्यांबद्दल मी काय सांगणार. तिथे तिची साहित्यिक एजंट कार्मेन बाल्सेल्स येते, पिवळ्या कागदांच्या वह्यांचा गठ्ठा हातात देते आणि म्हणते, लिही, नाहीतर फुटशील. आयेंदे लिहायला बसते, पण ती ‘माझी मुलगी आजारी आहे’ असं लिहीत नाही. ती मुलीशीच बोलायला लागते. ऐक पाउला, तुला एक गोष्ट सांगते, म्हणजे जागी होशील तेव्हा तुला इतकं हरवल्यासारखं वाटणार नाही, अशा अर्थाची पहिली ओळ आहे. कोमातून माणूस उठला तरी आठवण शाबूत असेल की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. आपली लेक उठली आणि तिला आपण कोण, कुणाच्या, कुठल्या हेच माहीत नसलं तर? म्हणून मग पणजोबांपासून सुरुवात. आता सांगा, तुमची मुलगी अशी उठून बसली असती तर तुम्ही तिला आधी काय सांगितलं असतं, डेंग्यूचं की तिच्या आजीचं?

आणि घराणंही असलं भन्नाट आहे! पाउलाची पणजी तीन पायांचं टेबल घेऊन आत्म्यांशी बोलायची. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत पोरं दार लावून प्लँचेट करायची, वाटी फिरवायची, तसलंच, फक्त ही बाई ते अगदी मन लावून करायची. ती गेल्यावर पणजोबांनी काळे कपडे घातले, घरातलं फर्निचरसुद्धा काळं रंगवलं, गाणं नाही, फुलं नाहीत, सणवार नाहीत. लहानगी इसाबेल त्या घरात वाढली, कारण तिचे वडील ती अगदी लहान असतानाच घर सोडून गेले आणि त्यांचं नाव घरात निघायचं नाही. मग ती मोठी झाल्यावरचा एक प्रसंग आहे, तो माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्यात कोसळून मेलेल्या एका माणसाची ओळख पटवायला तिला शवागारात बोलावतात. ती बघते, म्हणते मी ह्यांना ओळखत नाही. शेवटी सावत्र वडील येतात, ज्यांना ती आयुष्यभर काका म्हणायची, ते बघतात आणि सांगतात, हे तुझे वडील. संपलं. एवढंच.

आपल्या बापाचा चेहरा जिला माहीत नव्हता ती बाई आपल्या मुलीला घरातला एकेक माणूस ओळखीचा करून देतेय, हे लक्षात आलं की ते आजोबा, ते टेबल, काही अवांतर वाटत नाही.

राजकारणही तसंच येतं. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने सत्ता घेतली, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकले, राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे तिथेच मेले. पाउला तेव्हा दहाची व्हायची होती. दोन वर्षांनी हे कुटुंब व्हेनेझुएलाला गेलं, म्हणजे पोरीचं बालपणच मधे तुटलं. ते कसं तुटलं आणि का, हे आईच सांगणार ना.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, भाचीलाही सांगा. पुस्तकाचे दोन भाग आहेत, पहिला डिसेंबर ९१ ते मे ९२, दुसरा मे ते डिसेंबर. पहिल्या भागात आई मुलीला ‘तू’ म्हणून बोलते. मे महिन्यात पाउलाला विमानाने कॅलिफोर्नियाला आईच्या घराजवळ आणतात, तोवर मेंदूला झालेली इजा बरी होणारी नाही हे उघड झालेलं असतं. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ती लिहिते की आता मी हे तिच्यासाठी लिहीत नाही, ती उठणार नाही, ही पानं पाउला कधीच वाचणार नाही. ऐकणारीच गेली. तरी ती लिहिणं थांबवत नाही, हेच मला त्या पुस्तकात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठं वाटतं. शेवटची पानं घरात, आपल्या माणसांच्या मधे आलेल्या मरणाची आहेत, फार बारकाईने लिहिलेली. ती रात्री ऐकू नका. भाची असेल, दिवस असेल, नंतर चहा करायला कुणी असेल तेव्हा ऐका, आणि नाही ऐकावंसं वाटलं तर पहिल्या भागाशी थांबलात तरी पुस्तक बऱ्यापैकी मिळालं असं समजा.

आता वहीचं. ‘मन मोकळं होईल’ असं म्हणणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नका. आयेंदेसारखी, जिचा धंदाच लिहिणं, तिलासुद्धा या पुस्तकानंतर जवळजवळ तीन वर्षं काही सुचत नव्हतं आणि मग तिने दुःखापासून लांबचा विषय हवा म्हणून चक्क खाणं आणि शृंगार यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे मोकळं वगैरे काही झालं नव्हतं. पण तुमच्या वहीत जागा आहे हेही खरं. ते अकरा दिवस लिहायलाच पाहिजेत असं कुणी सांगितलं? सोडून द्या. तिला माहीत नसलेलं काहीतरी तिला सांगा. तुमच्या आईच्या घरी चूल कुठे होती, तुमचं लग्न कसं ठरलं, तिच्या बारशाला कोण रुसलं. आणि तिच्याशी बोलताना जसं बोलत होतात तसंच, ‘अगं’ म्हणून.

नाहीतर त्या रेशनच्या खिडकीपासून सुरू करा. “अगं, आज तुझं लग्न लावून आले मी.” तुम्ही हो म्हणालात त्यात काही चुकलं नाही.

निवृत्त परिचारिका, रत्नागिरी

*३४ वर्षं सरकारी नोकरीत काढली पण पोर्फिरियाचा पेशंट कधी पाहिला नाही, निदान तसं निदान झालेला तरी नाही. हा आजार नेमका काय?*

तुमच्या वाक्यातला दुसरा तुकडाच उत्तर आहे, सिस्टर. निदान होत नाही हेच या आजाराचं दुखणं.

मी डॉक्टर नाही, वाचून आणि एका ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन सांगते. रक्ताचा लाल रंग ज्याच्यामुळे असतो ते हीम शरीरात आठ टप्प्यांत तयार होतं, प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम. त्यातलं एखादं कमी पडलं की मधला कच्चा माल साठत जातो, आणि कुठला टप्पा अडलाय त्यावरून पोर्फिरियाचे वेगवेगळे प्रकार. काहींमध्ये उन्हाने कातडीला फोड येतात. पाउलासारख्या तीव्र प्रकारात पोटात असह्य दुखतं, उलट्या, हातापायातली ताकद जाते, फिट्स येतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. पोट दुखतंय म्हणून अपेंडिक्स काढलं, वेडी झाली म्हणून मानसोपचाराला पाठवलं, असे घोळ जगभर झालेत. लघवी उजेडात राहिली की लालसर काळपट होते, ग्रीकमधल्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरून नावच तसं पडलंय. झटका यायला निमित्त काहीही, उपवास, दारू, पाळीच्या वेळची हार्मोन्स, आणि मुख्य म्हणजे औषधं. बार्बिच्युरेट, काही सल्फा, अशी यादीच असते. उपचारात ग्लुकोज आणि हेमिनची इंजेक्शनं देतात, २०१९ पासून एक नवं औषधही अमेरिकेत मंजूर झालंय.

आनुवंशिक आहे, तीव्र प्रकारात आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पण दोष अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यात झटका येतच नाही. पाउलाला तो वडिलांच्या बाजूने आला होता आणि तिच्या भावालाही आहे. वाचत राहिला तो, आणि ती नाही. खरं तर पाउलाचा घात नुसत्या आजाराने झाला नाही, उपचारातल्या चुकीने मेंदूला इजा झाली असं आईला नंतर कळलं. पुस्तकात ती त्या रागात फार रेंगाळत नाही. मी असते तर तेवढंच लिहिलं असतं.

एक वाचक, नागपूर

*ही इसाबेल आयेंदे म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयेंदेंची मुलगी ना? ती तर राजकारणात आहे.*

नाही हो, सगळ्यांचा हाच घोळ होतो. त्यांच्या मुलीचं नावही इसाबेल आयेंदेच, ती राजकारणात गेली, सिनेटर झाली. लेखिका वेगळी. लेखिकेचे वडील, तेच ते शवागारातले, राष्ट्राध्यक्षांचे चुलतभाऊ. अजून एक गंमत म्हणजे लेखिका तरुणपणी चिलीत ज्या बायकांच्या मासिकात काम करायची त्याचं नावही ‘पाउला’ होतं, पण मासिक निघालं १९६७ ला आणि मुलगी १९६३ ची, तेव्हा मुलीचं नाव मासिकावरून नाही.

एक वाचक, पुणे

*तुमचा लेख आवडला नाही असं स्पष्टच सांगतो. मरणासन्न मुलीच्या नळ्या, तिचं शरीर, तिचा संसार हे सगळं छापून विकायचं, याला साहित्य म्हणायचं का? मुलीची परवानगी कुणी घेतली?*

स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. काही पानांवर मीही चरकले. अंघोळ घालणं, कूस बदलणं, गळ्यातली नळी, हे वाचताना आपण दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरलोय असं वाटतं. परवानगी नव्हतीच, असणार कशी.

पण दोन गोष्टी तुमच्यासमोर ठेवते, मग तुम्ही ठरवा. पाउलाने आपल्या मधुचंद्राच्या काळात एक पत्र लिहून बंद करून ठेवलं होतं, माझ्यानंतर उघडा म्हणून. २७-२८ वर्षांची, नुकतं लग्न झालेली, धडधाकट मुलगी असं पत्र का लिहिते कुणास ठाऊक. तिची आशा सुटल्यावर घरच्यांनी ते उघडलं. शरीरात अडकून पडायचं नाही, मला जाऊ द्या, असा त्याचा आशय. ते पुस्तकात आहे. म्हणजे तिचा आवाज अगदीच नाही असं नाही, आणि तो नेमका शेवटी, आईने जे करायला हवं होतं ते करायला बळ देणारा येतो. दुसरं पैशाचं. या पुस्तकाचं उत्पन्न आईने स्वतःवर खर्च केलं नाही, बाजूला ठेवलं आणि ९ डिसेंबर १९९६ ला मुलीच्या आठवणीत एक फाउंडेशन काढलं, ते बायका-मुलींसाठी काम करतं. पाउला स्वतः गरीब वस्तीत स्वयंसेवक म्हणून जायची, त्यामुळे हे नुसतं नावापुरतं स्मारक नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. ही बाई गोष्ट इतकी छान सांगते की पदरचं किती घालते ते कळत नाही. तिनेच या पुस्तकात सांगितलंय, १९७३ मध्ये ती पाब्लो नेरुदाकडे मुलाखत घ्यायला गेली तर त्यांनी तिला उडवून लावलं. तू देशातली सगळ्यात वाईट पत्रकार आहेस, प्रत्येक बातमीत स्वतःलाच घालतेस, खोटंही लिहीत असशील, त्यापेक्षा कादंबरी लिही, तिथे हेच दोष गुण ठरतात, असं काहीसं. आता हा किस्साही पदरचा नसेल कशावरून! तेव्हा आजोबांच्या वगैरे गोष्टी मी तरी मामीच्या तोंडून ऐकाव्यात तशा ऐकल्या, कान टवकारून आणि थोडं सोडून देऊन. दवाखान्यातलं मात्र मला खरं वाटलं. त्यालाही कारण आहे. तिचं आणि तिच्या आईचं रोज पत्र लिहायचं आयुष्यभराचं व्रत, आणि पाउला गेल्यावर आईने त्या वर्षातली सगळी पत्रं लेकीला परत दिली, तारीखवार वाच म्हणून. कुठल्या दिवशी काय झालं हे त्यामुळे जागच्या जागी राहिलं, नाहीतर दवाखान्यातले दिवस पुढे कुठे वेगवेगळे आठवतात, सगळा एकच लांबलचक दिवस होतो त्यांचा.

प्राध्यापिका, सोलापूर

*मराठीत लेक गमावलेल्या आईने असं काही लिहिलंय का?*

तुम्ही विचारल्यावर मला आधी आठवल्या त्या पंडिता रमाबाई, आणि त्या आठवल्या त्या लिहिलेल्यासाठी नाही, न लिहिलेल्यासाठी. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत कशा आल्या ते लिहिलं, त्यात घराण्याची हकिगत आहे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून टीका सोसणारे वडील अनंतशास्त्री डोंगरे, गंगामूळचं जंगलातलं घर, तीर्थयात्रा करत हिंडणारं कुटुंब, आणि मग १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात उपासमारीने आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण. वडिलांनी पाण्यात देह सोडायचं ठरवलं होतं इथपर्यंत सगळं येतं, अश्रू न काढता. पण त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली २४ जुलै १९२१ ला, चाळीस वर्षांची, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. मधे जेमतेम साडेआठ महिने, आणि हातात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम. मनोरमावर त्यांना काय लिहायचं असतं, मला नेहमी वाटतं. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनला, गेलात कधी तर पुण्याहून दौंडच्या लोकलने जाता येतं, मी गेले होते.

एक तरुण वाचक, कोल्हापूर जिल्हा

*मी आमच्या घराण्याची वंशावळ करतोय. सात पिढ्या मिळाल्या पण त्यात एकाही मुलीचं नाव नाही. पणजोबांना बहिणी होत्या की नव्हत्या हेसुद्धा कळत नाही. कुठे शोधू?*

भावा, तू विचारलंस म्हणून तुला शंभर मार्क.

तुमच्या भागात हेळवी येतात ना अजून? सुगी झाली की चोपडी घेऊन येणारे, घराण्याचं मूळ गाव, कुलदैवत, पिढ्या धडाधड म्हणून दाखवणारे. सात पिढ्या तुला बहुतेक त्यांच्याचकडून मिळाल्या असतील. त्यांना मुद्दाम विचार, मुली कुठे दिल्या? चोपडीत नसलं तरी एखाद्या म्हाताऱ्या हेळव्याला अमुक घराशी सोयरीक झाली एवढं माहीत असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर सही असते, कधीकधी सोबत कोण होतं तेही. तिथे बायका सापडतात पण सुना म्हणून, आणि तीही सासरची नावं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव कागदावरून गेलंच म्हणायचं. आपल्याकडे मुलगी दोनदा हरवते ती अशी.

म्हणून माहेरचे कागद बघ. गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कोतवाल बुक म्हणतात ते, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळू शकतं. मोडी येणारा कुणीतरी बरोबर ने. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघ, आजोबांच्या पिढीतली एखादी मुलगी पहिलीपर्यंत तरी गेली असेल.

आणि घरातली भांडी काढ. चेष्टा नाही करत. आमच्या घरी माळ्यावर एक पितळी तांब्या होता, चिंचेने घासल्यावर त्याच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं दिसली, “चि. कुसुम हिच्या बारशानिमित्त”, पुढे मामाचं नाव आणि सन १९३८. आमच्या घरात कुसुम कुणीच नव्हती. वडिलांना विचारलं, त्यांना माहीत नाही. शेवटी मोठ्या आत्याला फोन केला, ती तेव्हा ८४ ची. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, “तुला कुणी सांगितलं कुसुमचं?” आजीची पहिली मुलगी. चार वर्षांची होऊन गेली. आजी नव्वद वर्षं जगली, मी तिच्या कुशीत झोपायची, एकदाही तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नाही. पण तांब्या तिने मोडीत घालू दिला नव्हता, गळका असून.

तो आता माझ्याकडे आहे. पाणी भरत नाही त्यात. तुझ्या वंशावळीत पणजोबांच्या शेजारी एखादी रेघ रिकामी सोडून ठेव.

एक वाचक, मुलुंड

*‘पाउला’ नंतर तिचं काय वाचावं? आणि आधीचं वाचलं नाही तर चालेल का?*

चालेल. पण जमलं तर आधी पहिली कादंबरी वाचा, ‘द हाऊस ऑफ द स्पिरिट्स’ नावाने इंग्रजीत मिळते. ८ जानेवारी १९८१ ला व्हेनेझुएलात असताना तिला कळलं की तिकडे चिलीत आजोबा शेवटचे दिवस मोजतायत, तेच ते काळं फर्निचरवाले, शंभरीला टेकलेले. जाणं शक्य नव्हतं म्हणून रात्री स्वयंपाकघरात बसून त्यांना पत्र लिहायला घेतलं, ते वाढत वाढत पाचशे पानांचं झालं. आजोबांनी ते कधी वाचलं नाही. म्हणजे पहिलं पुस्तक घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला लिहिलेलं पत्र, आणि ‘पाउला’ लेकीला लिहिलेलं, दोन्ही न पोचलेली. तेव्हापासून ती प्रत्येक पुस्तक ८ जानेवारीलाच सुरू करते. २००७ मध्ये तिने पुन्हा एकदा पाउलालाच उद्देशून पुस्तक लिहिलं, तू गेल्यावर घरात काय काय झालं ते सांगते म्हणून. ते जरा गप्पांचं आहे, मला ‘पाउला’ इतकं नाही भिडलं, पण सून-नातवंडांची भांडणं मजेशीर आहेत.

एक मुलगी, डोंबिवली

*माझी आई ७९ वर्षांची आहे, विसरायला लागली आहे. पण हल्ली अचानक माझ्या मोठ्या बहिणीबद्दल बोलते, जी माझ्या जन्माआधी गेली. आम्ही विषय बदलतो, तिला त्रास होईल म्हणून. लिहून घ्यावं का? की मोबाईलवर रेकॉर्ड करू? तिला न सांगता करणं बरं दिसतं का?*

विषय बदलू नका. त्रास तिला होत असेलच, पण बोलल्यामुळे होतोय असं कशावरून?

सांगूनच करा. “आई, मला ताईबद्दल ऐकायचंय, ठेवू का रेकॉर्डिंग चालू?” म्हणा, पाच मिनिटांत ती फोन विसरेल. साल चुकलं, गाव चुकलं, एका बाळंतपणातलं दुसऱ्यात घुसडलं तरी मधे दुरुस्त करायचं नाही, ते नंतर मामा-मावशीकडून ताळून बघता येतं. एका वेळी वीस मिनिटं पुरे. प्रश्न मोठा विचारू नका, ‘ताई कशी होती’ म्हटलं की माणूस गप्पच होतं. तिचं झबलं कुणी शिवलं होतं विचारा.

आणि फोन तिच्या जवळ उशीवर ठेवा, टेबलावर नको, आणि फॅन बंद करा. डोंबिवलीत मे महिन्यात फॅन बंद करा म्हणणं सोपं आहे मला ठाऊक आहे, पण तेवढी वीस मिनिटं करा. माझ्या वडिलांचं पाऊण तासाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, शेवटच्या दिवाळीतलं, आणि त्यात सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो आमचा जुना सीलिंग फॅन.